दर मंगळवारी आखूड होणारा रस्ता

१

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी राखाडी रंगाची एक छोटी गाडी ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्याला धडकली. गाडी चालवणारा जागच्या जागी गेला. मागच्या सीटवर एक बाई होती. अँब्युलन्स आली तेव्हा ती तिथं नव्हती.

बाराव्या दिवशी विमा कंपनीचं पत्र त्या माणसाच्या बायकोच्या हातात पडलं. पत्र चार ओळींचं होतं. पॉलिसी खाजगी वापरासाठी होती, अपघाताच्या वेळी गाडीतून भाड्यानं प्रवासी नेला जात होता, सबब दावा नामंजूर. निर्णय मान्य नसल्यास तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करावा.

बायकोनं दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहिला आणि तो टपालात न टाकता स्वतः घेऊन आली. ज्या टेबलासमोर तिला बसवलं, ते ताईंचं होतं.

ताई कुणाची सख्खी ताई नव्हत्या. बावीस वर्षं अपघातांचे दावे तपासत होत्या, आणि साहेबापासून शिपायापर्यंत सगळेच त्यांना ताई म्हणत. फेरविचाराच्या फायली त्यांच्याकडे येत. त्यांच्या टेबलावर कायम एक भिंग आणि औषधाची बाटली असे. भिंग कागदांसाठी आणि बाटली ॲसिडिटीसाठी. दोन्ही नोकरीनंच दिलं, असं त्या म्हणायच्या.

समोर बसलेली बाई शाळेत चित्रकला शिकवायची. नखांच्या कडेला निळा रंग अजून होता. नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा.

"तुमच्या मिस्टरांनी कधी भाडं मारलं होतं?" ताईंनी विचारलं.

"दुकानदाराकडे सुटे मागायला लाजणारा माणूस हो तो. भाडं कुठून मागणार?" ती क्षणभर हसली, आणि हसल्याचंच तिला वाईट वाटल्यासारखं झालं. "त्या दिवशी ते ऑफिसात असायला हवे होते. मला तसंच सांगून गेले होते."

"मग ती मागची बाई कोण?"

शिक्षिकेनं पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मी खूप विचार केला, ताई. दोनच गोष्टी असू शकतात. एक तर ते चोरून टॅक्सी चालवत होते. मग तुमचं पत्र बरोबर आहे. नाहीतर ती बाई भाडं नव्हतीच. मग मला विमा मिळेल आणि नवरा जाईल. दुसऱ्यांदा."

ताईंनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "अर्ज मागे घ्यायचा असेल तर अजून घेता येईल."

"नको. कळू दे. काय असेल ते कळू दे."

ती गेल्यावर साहेब टेबलाशी आले. "ताई, यात फार खोल जायचं कारण नाही. आधीच्या तपासनिसानं तीन पुरावे दिलेत. पेट्रोलपंपावरचा माणूस सांगतो की दर मंगळवारी मागे एक बाई बसलेली असायची. बायको-मैत्रीण असती तर पुढे बसली असती. मागे बसतं ते भाडं. दुसरं, ही बाई अपघातानंतर पसार झाली. आणि तिसरं हे." त्यांनी एका कागदाची झेरॉक्स पुढे सरकवली. "गाडीच्या कप्प्यातली वही. तारखा आणि किलोमीटर. नकाशे काढणारा माणूस, सवयीनं अंतर लिहून ठेवलं. आयताच सापडला."

कागदावर नऊ मंगळवारांच्या तारखा होत्या. प्रत्येकीपुढे एक आकडा. ५१. ५०.५. ५०. ४९. ४८.५. ४८. ४७.५. ४६.५. ४६.

ताईंनी आकडे वरून खाली वाचले, मग खालून वर. काहीतरी खटकलं. काय, ते मात्र हाताला लागेना.

२

पुलाजवळ पंक्चर काढणाऱ्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे आणि हवेचं मशीन. अपघाताला सगळ्यात आधी धावून गेलेला माणूस हाच.

"सायकलवाला आडवा आला. ह्यांनी त्याला वाचवलं आणि स्वतः कठड्यावर गेले," तो म्हणाला. "हे सगळं मी मागं आलेल्या साहेबांना सांगितलंय."

"बाईबद्दल काय सांगितलंत?"

"होती, आणि गेली. त्यांनी तेवढंच विचारलं. मी तेवढंच सांगितलं."

"मी जास्त विचारते. ती काय करत होती?"

त्यानं हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात सोडून दिली. "मी गेलो तेव्हा ती पुढचं दार उघडून खाली बसलेली. त्यांचा चष्मा काढला तिनं. पदरानं पुसला. खिशात ठेवला त्यांच्या, नीट, काच वर येणार नाही असा. आणि म्हणत होती, ऊठ रे बाळा, ऊठ रे. मला वाटलं आईच आहे. मग अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला, आणि ती उठली. समोरून बस येत होती, तिला हात केला आणि चढली. चालताना तोल जात होता तिचा."

"वय?"

"डोक्याला कापड घट्ट गुंडाळलेलं. चेहरा पिवळा. वयाचं काय सांगू? आजारी माणसाला वय नसतं, बाई."

अपघातात गेलेल्या माणसाची आई दहा वर्षांपूर्वी वारली होती. ते फाइलीत लिहिलेलंच होतं.

तिथून ताई गॅरेजात गेल्या. आवाराच्या कोपऱ्यात ती राखाडी गाडी ताडपत्रीखाली उभी होती. मिस्त्री ताईंना चांगला ओळखत होता. त्यानं न विचारता ताडपत्री ओढली आणि बाजूला उभा राहिला.

पुढचा भाग बघवत नव्हता. ताईंनी मागचं दार उघडलं. दाराच्या खिशात आंबट गोळ्यांची पुडी आणि घडी घातलेल्या सहा प्लास्टिकच्या पिशव्या होत्या.

"मळमळ होणारं माणूस होतं," मिस्त्री म्हणाला. "पण गंमत बघा. ज्याला गाडी लागते ते पुढं बसतं. लहान पोरालाही कळतं."

ताईंनी मागचे दोन्ही सीटबेल्ट ओढून पाहिले. डावीकडचा गुळगुळीत, जसा कारखान्यातून आला तसा. उजवीकडच्यावर, ड्रायव्हरच्या अगदी मागच्या जागेवर, पट्टा ताणला गेल्याच्या चकाकत्या रेघा होत्या. धक्का बसला तेव्हा तो कुणाच्या तरी अंगावर होता.

"मिस्त्री, भाडं कुठल्या बाजूला बसतं?"

"डावीकडं. फुटपाथच्या बाजूनं चढतं, तिकडंच बसतं. उजवीकडं सरकायचा कंटाळा येतो माणसाला. रहदारीच्या बाजूचं दार उघडून कोण चढतं, ताई?"

ताई स्वतः चढल्या. आधी पुढच्या डाव्या सीटवर बसून त्यांनी बेल्ट लावला. मग मागे डावीकडे. मग मागे उजवीकडे. मिस्त्री बघतच राहिला. तिसऱ्या वेळी बेल्ट लावून त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या, उजव्या खांद्यावरच्या पट्ट्यावर हात ठेवून.

"काय सापडलं?"

"अर्धं," ताई म्हणाल्या. "बाकीचं अर्धं सापडू नये असं वाटतंय."

३

नकाशा विभागात त्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण होती. तिनं आधी कानावर हात ठेवले. मंगळवार? कसला मंगळवार?

"हजेरीपटात ते मंगळवारी पूर्ण दिवस हजर आहेत," ताई म्हणाल्या. "आणि मंगळवारच्या दुपारच्या नकाशांवर अक्षर तुमचं आहे. तुमचा 'क्ष' वेगळा आहे हो."

मैत्रिणीचा चेहरा उतरला. तिनं टेबलाचा खण उगाच उघडून बंद केला. "बारा वाजता जायचे. चार-साडेचारला परत. मी सांभाळून घ्यायचे. का, ते विचारलं नाही. एकदाच विचारलं, तर म्हणाले, एका माणसाला मंगळवारी माझी गरज असते." ती थांबली. "मला वाटलं, दुसरी बाई असणार. मी त्यांना पाठीशी घातलं, आणि त्यांच्या बायकोच्या हातचं डब्यातलं खातही होते. आता तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटते. भेटायलाही गेले नाही."

"दुसरी बाई असणार असं का वाटलं?"

"एकदा विचारत होते, डोक्याला बांधायला मऊ कापड कुठलं, अजिबात न टोचणारं. मी म्हटलं, बायकोला का? तर लाजल्यासारखं हसले आणि विषय बदलला. पुरुष असा विषय बदलतो तेव्हा पाणी मुरतंय हे कळतंच ना?"

ताईंनी ते लिहून घेतलं आणि कापड या शब्दाखाली रेघ ओढली.

दुसरा भेटला तो त्या गेलेल्या माणसाचा शाळासोबती. भाड्याच्या गाड्यांचा धंदा. चौदा गाड्या, म्हणून सगळे त्याला शेठ म्हणत. आधीच्या तपासनिसाचा संशय त्याच्यावरच होता की यानंच मित्राला चोरून भाडी दिली.

शेठ भडकलाच. "माझ्या चौदा गाड्या दारात उभ्या असतात, मी त्याला कशाला भाडी देऊ? उलट त्यानंच माझी गाडी नेली होती एकदा. त्याची दुरुस्तीला होती. म्हटलं ड्रायव्हर देतो, तर नको म्हणाला. स्वतः चालवतो. आणि एकच गोष्ट तीनदा विचारली. मागच्या उजव्या सीटचा बेल्ट चालतो ना? मी म्हटलं, अरे बाबा, मागचा बेल्ट लावतं कोण? तर म्हणे, तू फक्त चालतो का ते सांग."

ताईंची पेन्सिल थांबली. "कुठली तारीख?"

शेठनं जाडजूड रजिस्टर काढलं. थुंकी लावून पानं उलटली. "हा बघा. तुमच्या यादीतला पाचवा मंगळवार. गाडी गेली बारा वाजता, आली चारला. फिरली बावीस किलोमीटर."

"बावीस? नक्की?"

"मीटरचा आकडा आहे. मित्र असला तरी मीटर बघतो मी."

वहीत त्या पाचव्या मंगळवारपुढे लिहिलं होतं ४८.५.

४

ताई टेबलाशी परत आल्या आणि कोरा कागद ओढला. साहेब येऊन समोर बसले, कारण ताई कोरा कागद ओढत तेव्हा काहीतरी उलटंपालटं होणार हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

"साहेब, वहीतले आकडे किलोमीटर नाहीत."

"कशावरून?"

"पाचव्या मंगळवारी गाडी बावीस किलोमीटर फिरली, वहीत साडेअठ्ठेचाळीस आहेत. आणि तेही सोडा. नुसते आकडे बघा. एक्कावन्न, साडेपन्नास, पन्नास, एकोणपन्नास. एकदाही वर जात नाहीत. भाडी असती तर कधी तीस असतं, कधी ऐंशी. एकच फेरी असती तर आकडा तोच राहिला असता. दर मंगळवारी अर्धा-एक किलोमीटर आखूड होत जाणारा रस्ता तुम्ही कुठं पाहिलाय?"

साहेबांनी चष्मा वर केला. "मग काय आहे ते?"

"वजन."

साहेबांनी झेरॉक्स पुन्हा जवळ ओढली.

"कुणाचं तरी वजन दर आठवड्याला उतरतंय, आणि ते लिहून ठेवावं लागतंय. ज्याचं वजन उतरतंय त्याला मळमळतं. डोक्याला न टोचणारं कापड लागतं, म्हणजे केस गेलेत. आता बेल्ट. मळमळणारं माणूस पुढे का बसलं नाही? मी तिन्ही जागांवर बसून पाहिलं. पुढे डावीकडे बसा, मागे डावीकडे बसा, पट्टा डाव्या खांद्यावरून छातीवर येतो. ड्रायव्हर सोडला तर गाडीत एकच जागा आहे जिथं तो उजव्या खांद्यावरून येतो. मागे, उजवीकडे. म्हणजे जिच्या डाव्या बाजूला पट्ट्याचा भार सोसवणार नाही, ती बाई तिथंच बसणार. शेठला तीनदा विचारलं ते म्हणूनच. डाव्या स्तनाचं ऑपरेशन, साहेब, आणि नंतर दर मंगळवारी औषधं चढवायची. पुलावरचा रस्ता कॅन्सरच्या दवाखान्याकडूनच येतो. तिला घ्यायचं, तिथं न्यायचं, परत सोडायचं. बावीस किलोमीटर."

साहेबांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पटलं. पण आजारी माणूसही पैसे देऊन जाऊ शकतो. ती भाडं नव्हती हे कसं सांगाल?"

"भाड्याच्या प्रवाशाच्या वजनाची वही कोण ठेवतं?"

"हा तर्क झाला. मला सही लागेल. ती बाई लागेल."

मंगळवारी सकाळी ताई दवाखान्यात गेल्या. औषधं चढवायच्या विभागातल्या नर्सनं ठाम नकार दिला. पेशंटचं नाव कुणालाही मिळणार नाही. ताईंना तिचा रागही आला आणि कौतुकही वाटलं. त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. दाराशी वजनाचा काटा होता. एकेक जण येई, चपला काढी, काट्यावर उभा राही, आणि नर्स आकडा मोठ्यानं सांगे. बाकावरचे सगळे तो आकडा कान देऊन ऐकत आणि न ऐकल्यासारखं दाखवत.

साडेबाराला एक बाई एकटीच आली. डोक्याला करड्या रंगाचं मऊ कापड. काट्यावर चढताना तिनं भिंतीचा आधार घेतला.

"पंचेचाळीस," नर्स म्हणाली.

ब्लाउजच्या गळ्याशी, उजव्या खांद्यावरून खाली उतरणारा एक पिवळट-हिरवा पट्टा दिसत होता. तीन आठवडे होत आले तरी मुरला नव्हता. तिच्या अंगावरचे डाग आता लवकर जात नसावेत.

पण ताई उठून उभ्या राहिल्या त्या पट्ट्यामुळे नाही. बाई वळली, आणि ताईंना तिची हनुवटी दिसली. मधोमध खळी, थोडी डावीकडे झुकलेली. हीच हनुवटी आठवड्यापूर्वी त्यांच्या टेबलासमोर बसून पत्राच्या घड्या घालत होती.

५

"मी तिची आई," सुई लावून झाल्यावर बाई म्हणाली. नर्सनं ताईंना दहा मिनिटं दिली होती. "ती नऊ वर्षांची असताना मी घर सोडलं. का सोडलं ते सांगत नाही. कारण सांगितलं की ती सबब होते."

"तिनं तर सगळीकडे आई वारली असंच लिहिलंय."

"बरोबरच लिहिलंय. तिच्यापुरती वारलेच की."

बाटलीतून थेंब पडत होते. ती त्यांच्याकडे बघत सावकाश बोलत राहिली. मागच्या वर्षी ती या गावात परत आली. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर लांब उभी राहायची. एकदा जावई बायकोला न्यायला आला. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या हिच्याकडे पाहिलं.

"हनुवटी चुगली करते हो. दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. म्हणाला, तुम्ही तिच्या आई ना? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, बरं, मग चहा तरी घ्या." तिचे ओठ हलले. "पुढं हे दुखणं निघालं. ऑपरेशनला सही त्यानंच केली. नात्याच्या रकान्यात लिहिलं, मुलगा."

"बायकोला का नाही सांगितलं?"

"मीच शपथ घातली होती. तो म्हणायचा, बारा मंगळवार होऊ देत. तुम्ही पायांवर उभ्या राहा, मग सांगतो. आत्ता नेलं तर ती दयेनं दार उघडेल, आणि ती दया तिला जन्मभर सलत राहील." तिनं मोकळ्या हातानं तोंड पुसलं. "नऊच झाले."

ताईंनी विचारायचं ते विचारलं. "तुम्ही तिथून का निघून गेलात?"

"ती येणार होती ना. रस्त्यात नवरा पडलेला, आणि त्याच्या उशाशी मी. एका दिवसात दोन घाव कसे घालायचे पोरीला? आणि तो मला नेताना गेला. मला. जिच्यात नेण्यासारखं काही नव्हतं."

ताईंनी तिला पत्राबद्दल सांगितलं. भाड्याचा प्रवासी. दावा नामंजूर. बाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती उठून बसू लागली, नर्स धावत आली.

"माझ्यामुळे त्याला खोटारडा ठरवला? टॅक्सीवाला?"

"तुमचा जबाब आणि नात्याचा दाखला मिळाला तर ठरणार नाही. पण जबाब फाइलीत जातो. फाइल तिला बघता येते."

"नाव न घालता नाही जमणार?"

"नाही."

बाटलीतले बरेच थेंब पडून गेले. मग बाई म्हणाली, "कागदावरून नको कळायला. तुम्ही सांगा तिला. आधी तुम्ही सांगा."

६

शाळा सुटली होती. चित्रकलेच्या खोलीत शिक्षिका नळाखाली ब्रश धूत होती. ताईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. ती धूत राहिली. एकेका ब्रशातून रंग निघून पाणी स्वच्छ झालं तरी धूत राहिली.

"म्हणजे ते मला फसवतच होते," शेवटी ती म्हणाली.

"हो," ताई म्हणाल्या. "फसवत होते."

"तिच्यासाठी. जिनं माझ्या वेण्या अर्ध्या घालून ठेवल्या आणि गेली, तिच्यासाठी." तिनं नळ बंद केला. "मला वाटलं होतं, दुसरी बाई निघाली तर मी तिचा द्वेष करेन. तयारी केली होती मी. आता ह्याचं काय करू?"

ताईंनी कोरडं फडकं तिच्यापुढे धरलं.

"ती त्यांच्याजवळ किती वेळ होती?"

"अँब्युलन्सचा आवाज येईपर्यंत."

"म्हणजे शेवटी ती होती." शिक्षिकेनं ओले हात तसेच तोंडावर दाबले. "मी नव्हते. मी इथं पोरांना झाड काढायला शिकवत होते."

गुरुवारी सकाळी अकराला कंपनीच्या छोट्या खोलीत जबाब व्हायचा होता. ताईंनी शिक्षिकेला बोलावलं नव्हतं, फक्त वेळ सांगितली होती. अकरा वाजून गेले, जबाब लिहून झाला, शिक्षिकेच्या म्हाताऱ्या आईनं सही केली. ताईंनी तो कागद आईचं नाव असलेल्या शिक्षिकेच्या जन्मदाखल्याला जोडला आणि साहेबांकडे पाठवला. दहा मिनिटांनी साहेब स्वतः दाराशी आले. आधीचं पत्र मागे घेतलं जात आहे, दावा मंजूर, असं लिहिलेला कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि गेले.

म्हातारी काठी शोधत उठली, आणि दारात तिची मुलगी उभी होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मुलगी आत आली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली, आणि मंजुरीच्या कागदाला हातही न लावता म्हणाली, "मला एकच विचारायचंय. ते शेवटचं काय बोलले?"

"'आई, धरा' म्हणाला. सायकल आडवी आली तेव्हा. बस, तेवढंच."

"त्याच्या आधी?"

म्हातारीनं मान खाली घातली. "तुझ्याबद्दल सांगत होता. पहिल्या मंगळवारी त्यानं विचारलं, तुम्हाला काय आणून देऊ? मी म्हटलं, काही नको, माझी गेलेली वर्षं तेवढी सांग. मग तो दर मंगळवारी येताना एक वर्ष घेऊन यायचा. दहावं वर्ष. अकरावं. परतीच्या वाटेवर सांगायचा. तू कविता विसरलीस आणि मंचावरच रडलीस ते. तुला पहिला चष्मा लागला ते. त्या दिवशी अठरावं चालू होतं."

मुलीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "रोज जेवताना विचारायचे," ती स्वतःशीच म्हणाली. "तेरा वर्षांची असताना तू कशी होतीस? चौदाव्या वर्षी काय झालं? मला वाटायचं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर का होईना, ह्यांना माझ्याबद्दल जाणून घ्यावंसं वाटलं. किती खूश होते मी." तिचा आवाज फाटला. "ते तुझ्यासाठी होतं."

"नाही गं," म्हातारी घाईनं म्हणाली. "सांगताना त्याचा चेहरा आरशात दिसायचा मला. ते माझ्यासाठी नव्हतं."

बाहेर कुणाचा तरी फोन वाजून वाजून थांबला. म्हातारीनं काठी घेतली. निघावं हे तिला कळत होतं. ताईही आपले कागद गोळा करून दाराकडे वळल्या.

"एकोणिसाव्या वर्षी मला टायफॉईड झाला होता," मागून आवाज आला. मुलगी टेबलाकडे बघत बोलत होती, जसं काही टेबलालाच सांगत होती. आवाजात माफी नव्हती, कदाचित कधी येणारही नव्हती. "एकवीस दिवस. ताप उतरेना. घरात पाणी द्यायलासुद्धा कुणी नव्हतं."

म्हातारीनं काठी खाली ठेवली आणि पुन्हा खुर्चीवर बसली.

ताई बाहेर आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.